आर्मा ३ गटासाठी मॉड आणि मिशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा गट दर शनिवारी रात्री नऊला आर्मा ३ हा संगणकावरचा युद्धाचा खेळ खेळतो. पुणे, नाशिक, कोल्हापूरची मुलं जेवून बसतात, दुबईत तेव्हा साडेसात वाजलेले असतात आणि न्यू जर्सीतल्या दोघांची सकाळ असते. पंचवीस-तीस जणांची ही एक संध्याकाळ जुळून यायला आठवडा जातो. ती मॉडच्या (म्हणजे खेळात बाहेरून घातलेल्या भरीच्या) गोंधळात किंवा अर्धवट मिशनमध्ये (म्हणजे त्या रात्री खेळायच्या लढाईत) वाया गेली की मला मनापासून वाईट वाटतं. नवे लोक मॉडची यादी सांभाळायला आणि मिशन बनवायला पुढे येतात तेव्हा जे विचारतात, ते इथे एका जागी लिहितो आहे.

आर्मा ३ ला मॉड लागतातच का?

लागतातच असं नाही. प्रागच्या बोहेमिया इंटरॅक्टिव्हने हा खेळ १२ सप्टेंबर २०१३ रोजी आणला, आणि नुसता मूळ खेळ घेऊनही उत्तम मिशन होतात. पण त्याची कथा २०३५ सालात घडते, त्यामुळे बंदुका, गणवेश, वाहनं सगळी थोडी कल्पित आहेत. आजच्या किंवा शीतयुद्धाच्या काळातलं सैन्य हवं असेल तर मॉडकडे जावं लागतं. मूळ खेळातलं औषधोपचाराचं कामही फार सोपं आहे: फर्स्ट एड किट वापरली की माणूस उठला. एसीई मॉड आला की रक्तस्राव, पट्ट्या, टूर्निके, सलाइन सगळं येतं, आणि गटात एकदम डॉक्टरची किंमत कळते.

यादीत काय असावं?

तळाशी सीबीए हा पायाभूत मॉड. बाकीचे बरेच मॉड त्याच्यावर उभे असतात. मग एसीई. मग रेडिओसाठी एसीआरई किंवा टास्क फोर्स रेडिओ, दोन्हींपैकी एकच. हे दोन्ही टीमस्पीक या बोलण्याच्या अॅपच्या प्लगिनमधून आवाज चालवतात आणि एकत्र टाकले तर कुणालाच काही धड ऐकू येत नाही. मग सैन्य आणि शस्त्रांसाठी मॉडचं एक मोठं कुटुंब, म्हणजे आरएचएस किंवा सीयूपी. शेवटी दोन-तीन नकाशे. एवढ्यावर एखादा गट वर्षभर आनंदात खेळू शकतो.

एकच छोटा मॉड वाढवायचा आहे. तुम्ही नाही का म्हणता?

कारण वाढवताना तो छोटा असतो, काढताना नसतो. आर्मातलं मिशन एडिटरमध्ये, म्हणजे खेळातल्याच मिशन बनवायच्या साधनात, साठवलं की मिशन.एसक्यूएम फाइलमध्ये ते कोणकोणत्या मॉडवर अवलंबून आहे याची यादी लिहिली जाते. त्या मॉडमधली एक बंदूक किंवा एक खुर्ची जरी ठेवली असेल, तरी उद्या तो मॉड नसताना मिशन उघडतच नाही. आम्ही एकदा हौसेने शस्त्रांचा एक मॉड घेतला. दोन महिन्यांनी त्याच्या कर्त्याने तो स्टीमच्या वर्कशॉपवरून (स्टीम हे खेळ विकणारं दुकान, वर्कशॉप हा त्यातला मॉडचा विभाग) काढून टाकला, आणि आमची सात मिशनं एका रात्रीत बंद पडली. त्यातली चार कशीबशी वाचवली. उरलेल्या तिनांवर एका मुलाने परीक्षा संपल्यावरची सगळी सुट्टी घालवली होती. त्याने पुन्हा मिशन बनवायला घेतलं ते सहा महिन्यांनी.

म्हणून आता नवा मॉड सुचवणाऱ्याला मी तीन गोष्टी विचारतो. कर्ता अजून त्यावर काम करतो आहे का? यादीत असलेल्या कशानेच हे काम भागत नाही का? आणि पुढच्या महिन्याभरात कोणत्या मिशनमध्ये तो वापरला जाणार आहे? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर मॉड थांबतो. वापरात नसलेला मॉडसुद्धा प्रत्येकाला उतरवावा लागतो, खेळ सुरू व्हायला वेळ लावतो आणि दर अपडेटला बिघडायची एक संधी देतो.

अडकलेलं मिशन वाचवायचं असेल तर: एडिटरमध्ये मिशन फाइल बायनरी स्वरूपात साठवायचा जो पर्याय असतो, तो नेहमी बंद ठेवा. मग ती साध्या मजकुरासारखी उघडता येते आणि हरवलेल्या मॉडच्या ओळी हाताने काढता येतात. शिवाय गिटमध्ये, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, ठेवली तर काय कधी बदललं तेही दिसतं. प्रत्येक नव्या मिशन मेकरला मी सगळ्यात आधी हाच पर्याय बंद करायला लावतो.

सर्व्हरने मला बाहेर काढलं. सही जुळत नाही असं काहीतरी लिहून आलं.

प्रत्येक मॉडच्या फाइलवर कर्त्याची डिजिटल सही असते आणि तिची सार्वजनिक किल्ली सर्व्हरच्या कीज फोल्डरमध्ये ठेवलेली असते. सही तपासणी चालू असेल तर तुमच्या फाइली त्या किल्लीशी जुळायला हव्यात. जुळत नसतील तर बहुतेक वेळा यांपैकी काहीतरी झालेलं असतं: तुम्ही यादीबाहेरचा मॉड चालू ठेवलात, तुमची प्रत जुनी राहिली, किंवा आमच्याकडून किल्ली टाकायची राहिली. एसीई आणि सीबीएची किल्ली आवृत्तीगणिक बदलते, त्यामुळे त्यांच्या अपडेटनंतर ही चूक आमच्याकडूनच होते. आधी आमची प्रीसेट फाइल (म्हणजे मॉडची यादी) खेळ सुरू करणाऱ्या लाँचरमध्ये पुन्हा लोड करा. तरीही बाहेर पडलात तर संकोच न करता सांगा.

तपासणी बंद करा म्हणणारे दर महिन्याला कुणीतरी भेटतात. बंद करत नाही. कुणीतरी वेगळ्याच फाइली घेऊन आत आला की तीस जणांमध्ये नेमकं कुणाचं काय बिघडलंय ते शोधत बसावं लागतं.

अपडेट नेमकं शनिवारी येतं. काय करायचं?

स्टीम वर्कशॉपवर मॉडची ताजीच आवृत्ती मिळते. खेळाडूंचे मॉड आपोआप नवे होतात आणि सर्व्हर जुना राहतो. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी सहाला सर्व्हर सांभाळणारा स्टीमसीएमडी या स्टीमच्या साधनाने मॉड ताजे करतो, नव्या किल्ल्या टाकतो आणि स्वतः आत जाऊन एक रिकामं मिशन चालवून बघतो. सर्व्हर लिनक्सवर असेल तर फाइलींची नावं छोट्या इंग्रजी अक्षरांत करायलाही विसरायचं नाही. लिनक्सला मोठी आणि छोटी अक्षरं वेगळी वाटतात आणि मग समोर असलेली फाइलही त्याला सापडत नाही. सहानंतर आलेल्या अपडेटला उपाय दोनच: सगळ्यांनी घ्यायचं किंवा त्या रात्री मूळ खेळावर खेळायचं. म्हणून मॉडशिवाय चालणारी दोन मिशनं आम्ही कायम तयार ठेवतो.

काही मोठे गट आर्मा३सिंक किंवा स्विफ्टी वापरून स्वतःच्या सर्व्हरवरूनच मॉड देतात. आवृत्ती त्यांच्या हातात राहते. मात्र ते सांभाळायला माणूस लागतो आणि जागेचं भाडंही द्यावं लागतं.

माझं इंटरनेट मोबाइलवरचं आहे. एवढे जीबी कुठून आणू?

ही अडचण खरी आहे आणि यादी लहान ठेवण्याचं हेही मोठं कारण आहे. आरएचएस आणि सीयूपी दोन्ही घेतले तर कित्येक जीबी होतात, म्हणून आम्ही एका वेळी एकच कुटुंब ठेवतो आणि बदल फक्त मोहिमांच्या मधल्या सुट्टीत करतो. एकाच गावात दोघं असतील तर एकाने पेन ड्राइव्हवर फोल्डर न्यावा. स्टीम त्याची तपासणी करून राहिलेलं तेवढंच उतरवून घेतं. सांगलीच्या दोघांनी पूर्ण यादी अशीच घेतली.

मला पहिलं मिशन बनवायचं आहे. सुरुवात कुठून?

कागदावरून. एडिटर उघडला की हात लगेच रणगाडे ठेवायला शिवशिवतात, आणि मग तीन तासांनी नकाशाभर वस्तू पसरलेल्या असतात पण खेळाडूंनी काय करायचं ते ठरलेलं नसतं.

आधी एक वाक्य लिहा: कुणी, कुठे, काय, किती वेळात. 'बारा जणांनी पहाटेपूर्वी पूल गाठून तो शाबूत ताब्यात घ्यायचा.' यात 'शाबूत' हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा आहे. त्या एका शब्दामुळे तोफखाना वापरायचा की नाही, नदीतून जायचं की रस्त्याने, आधी स्फोटकं निकामी करायची की पहारेकरी मारायचे, असे प्रश्न तयार होतात. ब्रीफिंगमध्ये स्क्वॉड लीडर नकाशावर रेघा ओढून भांडू लागले तर मिशन जमलं. सगळे एकाच बाणाकडे बघून 'चला' म्हणाले तर तुम्ही त्यांच्यासाठी काहीच ठेवलेलं नाही.

नवे मिशन मेकर शत्रूच्या हालचालींवर खूप मेहनत घेतात: इथे घात, तिथे हेलिकॉप्टर, मग मागून हल्ला. खेळाडू त्या वाटेने जातच नाहीत. माझ्या पहिल्या मिशनमध्ये मी एका गावात घात रचला होता. आमच्या पथकाने ते गाव डोंगरावरून वळसा घालून टाळलं आणि थेट मागच्या छावणीवर उतरले. मला तेव्हा राग आला होता. नंतर रेकॉर्डिंग पाहिलं तेव्हा दिसलं की त्या रात्रीतली सगळ्यात सुंदर चाल तीच होती. तेव्हापासून मी घटना ठरवत नाही. शत्रूला काय राखायचं आहे, त्याच्याकडे किती माणसं आहेत, मदत कुठून येईल आणि किती मिनिटांत, एवढं ठरवतो. बाकी खेळाडूंवर.

पहिलं मिशन आठ ते बारा जणांचं, एका तासाचं आणि एकाच उद्दिष्टाचं ठेवा.

अल्टिस एवढं मोठं आहे, सगळं वापरायला नको का?

अल्टिस, म्हणजे खेळासोबत येणारं मोठं बेट, साधारण २७० चौरस किलोमीटर आहे, ग्रीसच्या लेम्नोस बेटावरून घेतलेलं. पाठीवर सामान घेऊन एक किलोमीटर जायला चार-पाच मिनिटं सहज जातात आणि चढ असेल तर त्याहून जास्त. तीन किलोमीटरवर उतरवलंत तर पाव तास नुसतं चालण्यात गेला. एकदा ते चालणं हवंहवंसं वाटतं, विशेषतः पहाटेच्या उजेडात. मेल्यावर तेच अंतर दुसऱ्यांदा चालायला लावलं तर माणूस निघून जातो. पायदळाचं मिशन दोन चौरस किलोमीटरमध्ये बसवा.

माझ्या संगणकावर मिशन बरोबर चालतं. सर्व्हरवर एका ट्रकच्या जागी पंचवीस ट्रक आले!

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आर्मात तुमची स्क्रिप्ट (म्हणजे मिशनसाठी लिहिलेले हुकूम) 'खेळात' चालत नाही, ती एखाद्या यंत्रावर चालते. सर्व्हर हे एक यंत्र आणि प्रत्येक खेळाडूचा संगणक हे आणखी एकेक यंत्र. एडिटरमध्ये कुठल्याही सैनिकाच्या इनिट चौकटीत, म्हणजे सुरुवातीचे हुकूम लिहायच्या जागेत, लिहिलेला हुकूम प्रत्येक यंत्रावर चालतो. पंचवीस जण असतील तर ट्रक बनवायचा हुकूम पंचवीस वेळा, सर्व्हर धरून सव्वीस वेळा. आणि कुणी उशिरा आला की त्याच्या यंत्रावर पुन्हा. एकट्याने चाचणी घेताना यंत्र एकच असतं, म्हणून काहीच दिसत नाही.

नियम असा लक्षात ठेवा. जग बदलणारी गोष्ट, म्हणजे वाहन तयार करणं, शत्रू आणणं, उद्दिष्ट पूर्ण झालं का ते तपासणं, ही फक्त सर्व्हरवर. त्यासाठी इनिटसर्व्हर.एसक्यूएफ फाइल आहे. एखाद्या खेळाडूला दिसणारी किंवा ऐकू येणारी गोष्ट, म्हणजे संदेश, आवाज, मेन्यूतली कृती, ही त्याच्या यंत्रावर. त्यासाठी इनिटप्लेअरलोकल.एसक्यूएफ. एका यंत्राकडून दुसऱ्याकडे पोचवायचं असेल तर रिमोटएक्झेक हा हुकूम. ट्रिगरमध्येही 'फक्त सर्व्हर' अशी खूण असते, ती करायची.

स्वतःच्या संगणकावर मल्टिप्लेअर होस्ट करून पाहिलं तरी पुरत नाही, कारण तेव्हा तुमचं यंत्र सर्व्हरही असतं आणि खेळाडूही. खऱ्या स्वतंत्र सर्व्हरवर किमान दोन माणसांनी, आणि त्यातल्या एकाने मुद्दाम दहा मिनिटं उशिरा येऊन तपासावं. उशिरा येणाऱ्याला उद्दिष्टं दिसली, रेडिओ मिळाला, दार उघडलं, तर निर्धास्त व्हा.

शत्रू किती ठेवावेत?

शंभराच्या आसपास राहा, आणि सगळे एकदम जागे नकोत. एआयचा, म्हणजे संगणकाने चालवलेल्या सैनिकांचा, सगळा विचार सर्व्हर करतो. सर्व्हरचा एफपीएस (म्हणजे सेकंदाला होणाऱ्या फेऱ्या) वीसच्या खाली गेला की शत्रू उशिरा वळतात, दारात अडकतात, गाड्या उड्या मारतात. लोक पिंगला, म्हणजे इंटरनेटच्या विलंबाला, दोष देतात, पण बिचारा सर्व्हर दमलेला असतो. शत्रूचे लांबचे गट डायनॅमिक सिम्युलेशनवर ठेवा, म्हणजे खेळाडू जवळ येईपर्यंत ते झोपून राहतात. हेडलेस क्लायंट, म्हणजे पडद्याशिवाय चालणारी खेळाची दुसरी प्रत, जोडून एआयचा भार तिच्यावर टाकता येतो. एका बाजूला सैनिकांचे जास्तीत जास्त २८८ गट बनतात. मेलेल्यांचे रिकामे गट तसेच राहिले तर मर्यादा भरते आणि तुमची शत्रूची कुमक गुपचूप येतच नाही, त्रुटीचा संदेशसुद्धा नाही. म्हणून प्रत्येक गटाच्या गुणधर्मांत 'रिकामा झाला की पुसा' ही खूण करा.

झ्यूस असताना मिशन बनवायची गरज काय?

झ्यूस, म्हणजे चालू खेळात वरून बघत वस्तू ठेवणारी भूमिका, २०१४ मध्ये मोफत आली आणि गटांचं खेळणंच बदललं. चांगला झ्यूस खेळाडूंचा श्वास ऐकतो. पण नकाशावर आधी काही रचलेलंच नसेल तर तो फक्त खेळाडूंच्या समोर शत्रू टाकत बसतो, आणि खेळाडूंना ते पाच मिनिटांत कळतं. टेहळणी केली काय, न केली काय, शत्रू तिथेच उगवणार! मग कुणी टेहळणी करेनासं होतं. आमच्याकडे झ्यूसने दुरुस्ती करायची: अडकलेली गाडी सोडवणं, हरवलेल्या खेळाडूला पोचवणं, आणि लढाई फारच सोपी निघाली तर आधीच नकाशावर असलेल्या तुकडीला हलवणं. आणखी एक: झ्यूसने ठेवलेले सैनिक त्याच्याच संगणकावर चालतात. त्याचं यंत्र मंद असेल तर ते ठोंब्यासारखे उभे राहतात.

मेलेल्या खेळाडूने काय करायचं?

वीस मिनिटांहून जास्त वेळ कुणाला रिकामं बसवू नका. आठवडाभर कामावरून थकून आलेला माणूस पाचव्या मिनिटाला मेला आणि दीड तास दुसऱ्यांचं बघत बसला, तर पुढच्या शनिवारी तो येणार नाही. ठरावीक वेळाने सगळे मेलेले एका तुकडीने परत येतात ही पद्धत मला सगळ्यांत आवडते. मरणाची भीती राहते आणि संध्याकाळही राहते.

दुसऱ्याच्या मॉडमधली गाडी आपल्या मॉडमध्ये घेऊ का?

परवाना वाचा. एसीई जीपीएल या खुल्या परवान्याखाली आहे. अनेक मॉड बोहेमियाच्या आर्मा पब्लिक लायसन्सखाली असतात, आणि त्याच्या काही प्रकारांत बदल करायला मनाई आहे. परवाना लिहिलेलाच नसेल तर हक्क कर्त्याचे, म्हणून त्याला विचारा. अनेक मॉड एकत्र बांधून स्वतःच्या नावाने वर्कशॉपवर चढवणं आमच्याकडे चालत नाही. कुणीतरी रात्री जागून ते बनवलेलं असतं.

सह्याद्रीचा नकाशा बनवता येईल का?

येईल, आणि कुणीतरी बनवावा अशी माझी फार इच्छा आहे. आर्मा ३ टूल्समधल्या टेरेन बिल्डरला उंचीचा आराखडा लागतो. २००० साली अंतराळयानातून केलेल्या एसआरटीएम मोजणीची साधारण ३० मीटर अंतराची आकडेवारी मोफत मिळते, ती सुरुवातीला पुरते. अडचण कड्यांची आहे. आर्माच्या जमिनीत एका बिंदूला एकच उंची असते. त्यामुळे हरिश्चंद्रगडाचा आत वळलेला कोकणकडा नुसत्या जमिनीत येणारच नाही, तो उताराच्या रूपात सपाट होऊन येईल. खडकांची मॉडेल एकावर एक रचून तो उभा करावा लागेल. लेणी आणि भुयारंही तशीच. झाडांसाठी २०१६ च्या एपेक्स या विस्तारातलं तानोआ बेट बघा. अल्टिसच्या ऑलिव्हपेक्षा तिथली झाडी कोकणाला बरीच जवळची आहे.

एक ताकीद मनापासून: खऱ्या लष्करी छावण्या, विमानतळ, नौदलाचे तळ यांचे फोटो काढायला जाऊ नका, मोजमापं घेऊ नका. सप्टेंबर २०१२ मध्ये बोहेमियाच्या दोन कर्मचाऱ्यांना लेम्नोसवर हेरगिरीच्या संशयावरून अटक झाली होती आणि ते जानेवारी २०१३ पर्यंत ग्रीसच्या तुरुंगात होते. गड, घाट, वाड्या, भातखाचरं भरपूर आहेत.

आमच्या लढाईचा व्हिडिओ टाकला तर चालेल?

चालेल, पण कोपऱ्यात खेळाचं नाव पूर्णवेळ दिसलं पाहिजे. आर्मा ३ ची दृश्यं खऱ्या युद्धाची म्हणून फिरतात. सप्टेंबर २०२१ मध्ये अफगाणिस्तानातल्या पंजशीरच्या लढाईच्या वेळी काही भारतीय वृत्तवाहिन्यांनी अशी दृश्यं खरी समजून दाखवली. नोव्हेंबर २०२२ मध्ये बोहेमियाला स्वतः निवेदन काढून अशी दृश्यं कशी ओळखायची ते सांगावं लागलं. रात्रीचं, हलतं, आवाज नसलेलं, नकाशा आणि आकडे लपवलेलं रेकॉर्डिंग सगळ्यात जास्त फसवतं. ते आम्ही टाकत नाही. सीमेवर ज्यांचा मुलगा आहे अशी घरं आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत. त्याच कारणाने नुकत्याच झालेल्या खऱ्या चकमकींवर आम्ही मिशन करत नाही. भारतीय गणवेशातलं काल्पनिक मिशन मात्र जरूर करा.

आर्मा रिफॉर्जरकडे जायचं का?

काही जण गेलेत. मे २०२२ मध्ये आलेला हा खेळ नव्या एन्फ्युजन इंजिनवर चालतो आणि सर्व्हरवर जाताना लागणारे मॉड आपोआप उतरवतो, त्यामुळे वरची अर्धी डोकेदुखी उरत नाही. पण एसक्यूएफ या आर्मा ३ च्या स्क्रिप्टच्या भाषेतली आपली मिशनं तिथे नेता येत नाहीत, सगळं नव्याने लिहावं लागतं. सध्या महिन्यातला एक शनिवार तिकडे.

मिशन तयार झालं. आता?

नावात खेळाडूंची संख्या आणि आवृत्ती लिहा, आणि बदल केला की आकडा वाढवा. फाइल बुधवार रात्रीपर्यंत द्या. गुरुवारी साडेनऊला आम्ही दोघं ती चाचणी सर्व्हरवर चालवतो. त्या वेळी तुम्हीही या. मी शत्रूच्या बाजूने बघत असतो आणि दुसरा मुद्दाम सगळं चुकीचं करतो: उशिरा येतो, ट्रक नदीत घालतो, ज्या माणसाला वाचवायचं त्यालाच आधी गोळी घालतो. तुम्ही फक्त वही घेऊन बसा. सुधारलेली फाइल शुक्रवारी रात्री सर्व्हरवर चढते, आणि शनिवारी ब्रीफिंग तुम्हीच वाचायचं.